टिकलीवरचा आळ

१९ नोव्हेंबर

सृष्टीला आज सकाळपासून पाणीसुद्धा ठरलं नाही. चहा उलटला, पोहे उलटले. शेखरनं डाळिंबाचे दाणे सोलून दिले, ते तर नुसत्या वासानंच नको झाले. शेवटी दुपारी मी मागच्या परसात गेले, दोन कोवळे मुळे उपटले, नळाखाली धरून माती काढली आणि चकत्या करून मीठ लावून दिल्या. सगळ्या खाल्ल्या तिनं. वर म्हणाली, "आई, अजून आहे का?"

शेखरच्या लग्नाला चार वर्षं होतील. या चार वर्षांत सुनेनं माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. भांडण कधी नाही, पण मागणंही नाही. आज मागितलं, म्हणून ही नोंद.

दवाखान्याच्या खेपा, गोळ्या, सुया झाल्यावर हे दिवस आलेत. माझा जन्म अंगणवाडीत गेला. दुसऱ्यांच्या लेकीसुनांची वजनं केली, लोहाच्या गोळ्या वाटल्या, हिरवं खा, ताजं खा, म्हणून सांगत सामनगाव रोडची एकेक गल्ली पायाखाली घातली. आता स्वतःच्या घरात तेच करायचं आहे. बाजारातली भाजी कुठल्या नाल्याच्या पाण्यावर वाढते कोण जाणे. माझ्या सुनेला दारातलं खायला मिळतंय.

टिकली दिवसभर तिच्या पायाशी झोपून आहे. हे गेल्यापासून ही मांजर माझ्या पायाशी झोपायची. आता बाईसाहेबांनी पक्ष बदलला.

२५ नोव्हेंबर

वाफा पुन्हा उकरलेला. गल्लीतले दोन बोके रोज भिंतीवरून उतरतात आणि मऊ माती दिसली की तिथंच बसतात. खुरप्यानं घाण काढून कुंपणाबाहेर टाकली, माती सारखी केली, पाणी मारलं. मुळ्यांना काही झालेलं नाही.

सृष्टीला आता रोज लागतो. शाळेत शिकवायला जाते तेव्हा डब्यातसुद्धा नेते. आज उभ्या उभ्या कोथिंबिरीच्या काड्या खुडून तोंडात टाकत होती. मी म्हटलं, "अगं, धुऊन तरी घे." ती हसली आणि म्हणाली, "तुमच्या बागेतलंच तर आहे." मला फार बरं वाटलं.

११ डिसेंबर

तीन-चार दिवस तिला कणकण आहे. अंग मोडून येतं म्हणते. आज वेणी घालताना मानेत कानामागे गाठ लागली हाताला, वाटाण्याएवढी. मी म्हटलं, दाढ किडली असेल. पण शेखर ऐकेना, सविता मॅडमकडे घेऊन गेला. त्या बाळंतपणाच्या डॉक्टर, जेल रोडला बसतात. त्यांनी गाठ बघितली आणि पहिलंच विचारलं म्हणे, घरात मांजर आहे का.

रक्त घेतलं. मांजराचा आणि गाठीचा काय संबंध ते शेखरला नीट सांगता आलं नाही, की त्यानं सांगितलं नाही. जेवताना सारखा टिकलीकडे बघत होता.

१७ डिसेंबर

रिपोर्ट आला. शेखर एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली ड्यूटी संपवून परस्पर लॅबमध्ये गेला आणि तसाच घरी आला, शर्टावर कोळशाची धूळ घेऊन. कागद खाली न ठेवता हातातच धरून उभा राहिला.

"टॉक्सोप्लाझ्मा. पॉझिटिव्ह आहे."

मी विचारलं, "म्हणजे काय?"

"मांजरापासून होतो. मोठ्या माणसाला काही होत नाही, पण पोटातल्या बाळाच्या डोळ्यांत जातो, मेंदूत जातो."

हे सगळं तो सृष्टीच्या समोर बोलला. ती खुर्चीत बसलेली, टिकली तिच्या मांडीवर. तिनं टिकलीला हळूच उचलून खाली ठेवलं आणि हात ओढणीला पुसले. ते हात पुसणं काही डोळ्यांसमोरून जात नाही.

टिकली उंबऱ्याबाहेर जात नाही. पिल्लू असताना कुत्र्यानं धरली होती, तेव्हापासून दार उघडं असलं तरी आतच बसते. दूधभात आणि उकडलेला मासा याखेरीज तिच्या पोटात काही गेलेलं नाही. तिची वाळूची पाटी मी रोज सकाळी स्वतः साफ करते, सृष्टीला कधी हात लावू दिला नाही. मग तिच्यापासून कसं होईल? हे शेखरला म्हटलं तर तो म्हणाला, "आई, तुला मांजर पाहिजे की नातवंड?"

आईला असं विचारतात का. मी ताट तसंच ठेवून उठले.

१८ डिसेंबर

सविता मॅडमकडे आम्ही दोघी गेलो, शेखरला सुट्टी मिळाली नाही. मला बाहेर बसायला सांगितलं. सृष्टी पुष्कळ वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा चेहरा ओळखू येत नव्हता. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, "रक्त पुन्हा घेतलं. मुंबईला पाठवणार. लागण जुनी असली तर काळजी नाही. नवी असली तर बघावं लागेल."

"आणि टिकलीचं काय म्हणाल्या?"

ती रस्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असं काही ठाम नाही सांगितलं."

घरी आल्यावर मी तिच्यासाठी मुळा काढून आणला. नको म्हणाली. मी म्हटलं, "काल तर तूच मागितलास." तर म्हणे, "आता वास सहन होत नाही, आई." तिनं बशी माझ्या हातातून घेतली, आत नेली, आणि मी बघितलं तर मुळा केराच्या डब्यात होता, त्यावर वर्तमानपत्र झाकलेलं.

मांजर माझी, म्हणून माझ्या हातचं सगळंच आता तिला विषारी वाटायला लागलं असेल.

२२ डिसेंबर

टिकली गेली.

बहिरू, माझा धाकटा भाऊ, देवळ्याहून कांद्याची गाडी घेऊन आला होता. शेखरनंच त्याला फोन केला होता, मला न विचारता. फळांच्या प्लास्टिकच्या क्रेटवर दुसरा क्रेट उपडा घालून सुतळीनं बांधला. टिकली ओरडली नाही. फटीतून एक पंजा बाहेर काढून तशीच बसली. बहिरू म्हणाला, "ताई, काळजी करू नको. कांद्याची चाळ शे, सावली शे. लय सुखात राहील."

सृष्टी दारात उभी होती. मला वाटलं, एक शब्द बोलेल. शेखर बोलला असला तरी शब्द तिचाच चालतो घरात, तिनं नको म्हटलं असतं तर तो थांबला असता. तोंड उघडलंही तिनं. माझ्याकडे बघितलं, शेखरकडे बघितलं, आणि आत निघून गेली.

मी वाळूची पाटी घासून पालथी घातली. शेखरनं सगळं घर फिनाइलनं पुसून काढलं. घरात आता दवाखान्यासारखा वास येतो.

हे लिहू नये, पण लिहिते. मला त्या मुलीचा राग आलाय. तिच्या पोटात माझंच नातवंड आहे हे माहीत असून आलाय.

२९ डिसेंबर

मुंबईचा रिपोर्ट आला. लागण नवी आहे, गेल्या दोन-तीन महिन्यांतली. म्हणजे दिवस राहिल्यानंतरची असणार.

मॅडमनी गोळ्या सुरू केल्या, दिवसातून तीन वेळा. लागण आईला झाली म्हणजे बाळाला झालीच असं नाही, या गोळ्यांनी ती बाळापर्यंत पोचायची शक्यता कमी होते, असं सांगितलं. पुढच्या महिन्यात पोटातलं पाणी सुईनं काढून तपासायचं. तोवर वाट बघायची.

शेखर मोबाईलवर वाचत असतो. वाचतो, बंद करतो, पुन्हा उघडतो. सृष्टी वह्या तपासते. मी परसात जाते. तिघं तीन कोपऱ्यांत.

टिकली निर्दोष होती, असं मी आता ठामपणे म्हणू शकत नाही. नवी लागण म्हणजे घरातूनच झाली असणार. मग तिच्यावरचा आळ खरा होता का? मी पाटी साफ करून हात धुवायची ना नीट? हजारदा आठवून बघते. धुवायची. साबणानं धुवायची.

१२ जानेवारी

आज फार लागलं मनाला. लिहून टाकते.

सृष्टीनं हल्ली सगळं कुकरमध्ये शिजवायचं काढलंय. गाजरं, पालक, सगळं शिट्ट्या होईपर्यंत. भाजीचा जीव जातो, त्यात राहतं काय? मॅडम म्हणाल्या आहेत, रक्त कमी आहे. म्हणून मी आज तिच्या वरणावर वरून बागेतली कोथिंबीर बारीक चिरून पेरली, थोडी मेथीची कोवळी पानंही. तिनं वाटी बघितली. उठली, वरण परत पातेल्यात ओतलं, गॅस मोठा केला आणि चांगलं खळाखळा उकळेपर्यंत तिथंच उभी राहिली. मग हात धुतले. विळी धुतली. पाटसुद्धा धुतला.

मी म्हटलं, "माझ्या हाताची एवढी किळस येते का गं तुला?"

"तसं नाही, आई."

"मग कसं?"

ती पातेल्याकडेच बघत म्हणाली, "गरम खायचंय मला. थंडी आहे."

शेखर मध्ये पडला, "आई, तिला पाहिजे तसं खाऊ दे ना. तू कशाला मागं लागतेस?" मी ताडकन म्हणाले, "मांजर घालवली, आता मलाही देवळ्याला पाठव." तो दार आपटून ड्यूटीवर गेला. सृष्टी जेवली, पण प्रत्येक घासाला जोर लावावा लागत होता तिला.

उद्या मी पुन्हा देणार आहे. कच्चं नाही तर रस काढून देईन. गर्भारपणात कुणाचं ऐकायचं असतं आणि कुणाचं नाही, ते मला कळतं.

१३ जानेवारी

गाजराचा रस दिला. घेतला तिनं हातात. "शाळेत जाताना पिते" म्हणाली आणि बाटलीत भरून नेला. संध्याकाळी बाटली रिकामी आली. एवढं तरी ऐकलं.

३० जानेवारी

गंगापूर रोडच्या मोठ्या दवाखान्यात आज सुई झाली. सविता मॅडम स्वतः आल्या होत्या. शेखरला आत घेतलं, मी बाहेर बाकावर.

मॅडम आधी बाहेर आल्या. नीट झालं म्हणाल्या, पाणी तपासायला गेलं, आठवड्याभरात कळेल. जायला निघाल्या तशी मी उठून विचारलं, "मॅडम, मांजर तर केव्हाच घालवली. आता पुढं काही धोका नाही ना?"

त्या थांबल्या. "मांजर घालवली? मी कुठं सांगितलं होतं?"

"शेखर म्हणाला..."

"घरात राहणारी, शिजवलेलं खाणारी म्हातारी मांजर. तिच्यावर माझा फारसा संशय नव्हताच. उंदीर-पाखरं मारून खाणारी, बाहेर फिरणारी मांजरं वेगळी. त्यांच्या विष्ठेतून हे मातीत जातं आणि मातीत महिनोन् महिने टिकतं." मग सहज, घरातल्याच माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या, "तुमच्या परसातलं कच्चं बंद केलंत ना पण? मुळा, कोथिंबीर? सृष्टी म्हणाली होती, बोके वाफ्यात घाण करतात. ते महत्त्वाचं आहे. नुसतं पाण्याखाली धरून भागत नाही."

मी "हो" म्हणाले. कसं म्हणाले मला माहीत नाही. त्या गेल्या. मी बाकावर बसले. समोर एक बाई बाळाला टोपडं घालत होती, ते बाळ टोपडं काढून टाकत होतं, ती पुन्हा घालत होती. मी तेच बघत बसले.

घरी येताना गाडीत सृष्टी मागच्या सीटवर माझ्या शेजारी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

३१ जानेवारी

परसात गेले. सगळं उपटून टाकायचं म्हणून गेले होते. मुळे आता जून झालेत, डिंगऱ्या आल्यात. एकाला हात घातला आणि थांबले. सगळं एकदम उपटलं तर शेखर विचारील, का. त्याला काय सांगू? म्हणजे मी अजूनही लपायलाच बघते आहे.

मीच दिलं. रोज दिलं. तिला नको झाल्यावरही वरणात पेरून दिलं. रस काढून दिला. तो रस तिनं कुठं ओतला असेल आता कळतं.

बाया विचारायच्या, ताई काय खाऊ? मी सांगायची, ताजं, हिरवं. किती जणींना सांगितलं असेल.

आज स्वयंपाकघरात गेले नाही. गुडघा दुखतो म्हटलं. शेखरनं पोळीभाजी विकत आणली.

३ फेब्रुवारी

गुडघ्याचं नाटक चौथ्या दिवशी सृष्टीनं मोडलं. दुपारी शेखर ड्यूटीवर, ती रजेवर. माझ्या खोलीत आली, पलंगाच्या कडेवर बसली. म्हणाली, "मॅडम बोलल्या का तुमच्याशी?"

मी मान हलवली.

"मला वाटलंच. गाडीत तुम्ही बोलला नाहीत."

मी विचारलं, "मला बाहेर बसवलं त्या दिवशीच तुला कळलं होतं?"

"हो. मी काय काय खाल्लं ते सगळं त्यांनी विचारलं. सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं."

"मग मला का नाही सांगितलंस? मी वरणात पेरत होते, तू उकळत होतीस. मी तुला वाट्टेल ते बोलले."

ती ओढणीचं टोक गुंडाळत राहिली. मला वाटलं, म्हणेल, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. तसं ती म्हणाली नाही.

"खरं सांगू, आई? दया म्हणून नाही. तुम्ही रडला असतात. मग मला तुमची समजूत काढावी लागली असती. माझ्यात तेवढी ताकद नव्हती. आणि शेखरला कळलं असतं तर तो तुमच्यावर ओरडला असता, मला दोघांच्या मध्ये उभं राहावं लागलं असतं. मला फक्त गोळ्या घ्यायच्या होत्या आणि गप्प बसायचं होतं."

मग म्हणाली, "टिकलीचं मात्र चुकलं माझं. शेखरला काहीतरी करायचं होतं, मी करू दिलं. दारात उभी होते तेव्हा बोलायला पाहिजे होतं."

मी रडले नाही. रडू आलं होतं, पण ती आत्ताच काय म्हणाली ते ऐकलं होतं ना मी. पदर तोंडाला लावून बसले. तिनंच थोड्या वेळानं विचारलं, "चहा टाकू?" मी म्हटलं, "टाक." तिनं टाकला. आम्ही प्यायलो. कप रिकामे झाले तरी ती उठून गेली नाही.

५ फेब्रुवारी

शेखरला मी सांगितलं. सृष्टीनं नको म्हटलं होतं. पण तिनं किती दिवस मध्ये उभं राहायचं?

तो अंगणात गाडी पुसत होता. मी सगळं सांगितलं, मुळ्यापासून रसापर्यंत. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. फडकं बादलीत टाकलं, म्हणाला, "मला आता बोलता येणार नाही, आई," आणि आत गेला. जेवायला बसला नाही. संध्याकाळच्या शिफ्टला निघाला तेव्हा मी दारात उभी होते, तो माझ्या अंगावरून गेला.

विहारात गेले. बुद्धवंदना तोंडानं म्हणत होते, मन त्या काचेच्या नळीत होतं. त्या पाण्यात काय निघेल.

७ फेब्रुवारी

शेखर दोन दिवस बोललेला नाही. आज सकाळी खणखण ऐकू आली म्हणून मागं गेले, तर तो कुदळीनं सगळे वाफे खणत होता. हातात मोजे, तोंडाला रुमाल. मुळे, कोथिंबीर, मेथी, सगळं पोत्यात. मी खराटा घेऊन गेले तर म्हणाला, "तू हात लावू नको. मोजे नाहीत तुझ्याकडे."

दोन दिवसांनी बोलला ते हे.

८ फेब्रुवारी

पाण्यात काही सापडलं नाही.

मॅडमचा फोन सृष्टीच्या मोबाईलवर आला. ती ऐकत होती आणि शेखर तिचं तोंड वाचत होता. तिनं फोन स्पीकरवर टाकला. मॅडम म्हणाल्या, बाळापर्यंत पोचल्याचं दिसत नाही, ही चांगली बातमी आहे. पण शंभर टक्के म्हणता येत नाही. गोळ्या बाळंतपणापर्यंत चालू, दर महिन्याला सोनोग्राफी, जन्मल्यावर बाळाचं रक्त आणि डोळे तपासायचे.

फोन ठेवल्यावर शेखर खाली जमिनीवरच बसला. सृष्टीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी बाहेर यायला निघाले तर शेखर म्हणाला, "बस ना, आई."

बसले.

१६ मार्च

शेखर म्हणाला, चल, टिकलीला घेऊन येऊ. तोच म्हणाला, मी विषय काढला नव्हता. सविता मॅडमना विचारलं होतं त्यानं, घरातच राहणार असेल आणि सृष्टीनं पाटीला हात लावला नाही तर हरकत नाही म्हणाल्या.

देवळ्याला पोचलो तर बहिरू कौतुक सांगत सुटला. "ताई, तुझी मांजर म्हंजे वाघ शे. चाळीत उंदीर ठेवला नाय."

मला पटेना. घराचा उंबरा न ओलांडणारी टिकली. चाळीपाशी गेलो, मी हाक मारली. कांद्याच्या ढिगामागून आली. अंग भरलंय, एक कान फाटलाय. तोंडात उंदीर होता, अजून शेपूट हलत होतं त्याचं. माझ्याकडे बघितलं, ओळखलं असं मला वाटतं, आणि तिथंच बसून डोक्याकडून खायला लागली.

शेखरनं क्रेट आणला होता. तो खाली ठेवून उभा राहिला. दोघांच्याही मनात एकच आलं असणार. तिच्यावर जो आळ घातला, त्यातलं काहीच तिच्यात नव्हतं. आम्ही तिला इथं आणून टाकलं, तेव्हा तिला कच्चं मारून खायला शिकावं लागलं. आता ती घरात आणण्यासारखी राहिली नाही. बाळ यायच्या आधी तर नाहीच.

"मी केलं हे," शेखर म्हणाला.

मी क्रेट बाजूला सरकवला.

टिकली खाऊन झाल्यावर आली, माझ्या पायाला एकदा अंग घासलं आणि चाळीत निघून गेली. क्रेट रिकामा परत आणला. बहिरूला सांगितलं, तिला हात लावलास तर साबणानं धूत जा, आणि तुझ्या लेकीला दिवस गेले तर तिला चाळीतल्या मातीत काम लावू नको, कच्चं काही खाऊ देऊ नको. तो हसला. मी हसले नाही. तेव्हा त्यानं नीट ऐकून घेतलं.

४ मे

विहारातल्या बायकांना आज सांगितलं. नुसतं मांजर पाळू नका असं नाही, खरं काय ते. भाजी कशी धुवायची, मटण कच्चट ठेवायचं नाही, मातीत काम केलं की हात कसे धुवायचे. एकीनं विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" म्हटलं, आमच्या घरात झालंय. कुणाच्या हातून झालं तेही सांगितलं.

घरी मात्र स्वयंपाकाला मी अजून उभी राहत नाही. भांडी घासते, कपडे धुते, दळण आणते. अन्नाला हात लावत नाही. सृष्टी एकदा म्हणाली, "किती दिवस?" मी म्हटलं, बाळ हातात येऊ दे.

२८ जून

मुलगी झाली. वजन चांगलं आहे. मोठ्यानं रडली.

मी तिच्या डोळ्यांकडेच बघत होते. उघडले, मिटले, उघडले. त्यातून कुणाला काय कळणार.

रक्त घेतलं आहे. आईच्या रक्तातलंच सुरुवातीला बाळाच्या रक्तात दिसतं म्हणे, त्यामुळे पुन्हा पुन्हा तपासत राहायचं.

१९ ऑगस्ट

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. एवढ्याशा पोरीच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या केल्या, शेखरनं तिचं डोकं धरलं, सृष्टीनं पाय. मी तिथंच होते, कुणी बाहेर जा म्हणालं नाही. डॉक्टर उजव्या डोळ्यात बराच वेळ बघत राहिले. इतका वेळ का बघतात? मग डाव्या. मग पुन्हा उजव्या. सृष्टीचा श्वास मला ऐकू येत होता.

"स्वच्छ आहेत," ते म्हणाले. "दोन्ही. तीन महिन्यांनी परत या."

शेखरनं विचारलं, "परत कशाला?"

"वर्षभर बघायचं. कधी कधी मागाहून दिसतं."

म्हणजे भीती संपली नाही, पुढच्या तारखेवर गेली. तरी गाडीत आम्ही तिघं एकदम बोलायला लागलो आणि एकदम थांबलो.

२० नोव्हेंबर

दुसरी तपासणी. स्वच्छ. रक्तातलं प्रमाणही खूप उतरलंय, म्हणजे ते आईकडूनच आलेलं होतं, असं मॅडम म्हणतात. वर्षाची झाली की शेवटचं बघायचं.

२ जानेवारी

आमची संजना आता बसते, तिला वरचं सुरू करायचं. सृष्टीनं सकाळी तांदूळ आणि मूगडाळ निवडून कुकरजवळ ठेवली आणि शाळेत जायच्या तयारीला लागली. मी म्हटलं, "लावून तरी जा."

"तुम्ही लावा."

"मी नको, सृष्टी."

ती वेणी घालता घालता थांबली. "आई, मी अकरा वाजता शाळेत असणार, शेखर ड्यूटीवर. हिला कोण भरवणार आहे? तुमच्याखेरीज दुसरं कोण आहे मला?" आवाजात गोडवा वगैरे काही नव्हता. घाईतच होती. वेणीला रबर लावलं आणि पर्स शोधायला लागली.

मी डाळ-तांदूळ धुतले. पुन्हा धुतले. कुकर लावला. शिट्ट्या झाल्या तरी गॅस बंद करवेना. भात मऊ गुरगुट्या झाला, तो वाटीत घोटला, चमचा उकळत्या पाण्यातून काढला, हात धुवायला मोरीत गेले आणि धूतच राहिले. सृष्टी चप्पल घालून परत आत आली.

"पुरे आता. कातडं जाईल. ती रडतेय, भरवा."

दारातच उभी राहिली ती, उशीर होत असून. मी संजनाला मांडीवर घेतलं. चमचा नेला तशी तिनं तोंड उघडलं, चिमणीसारखं. अर्धा घास तिच्या हनुवटीवर सांडला. जो गेला तो तिनं जिभेनं बाहेर ढकलला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

दुसरा गिळला.

"जाते मी," सृष्टी म्हणाली आणि गेली. वाटीतलं निम्मं संपलं.